सेवा करताना मन तपासायचं कसं? आईंसमोर माझ्या हातून एक चूक झाली आहे

नगरची सून

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितेच, कारण येत्या रविवारी प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) आहे आणि मागच्या महिन्यात मी ते घेतलं नाही. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी ते तसंच शेजारणीकडे सरकवलं. कुणी काही विचारलं नाही. मला मात्र ते ताट अजून हातात असल्यासारखं वाटतं.

माझं माहेर राहुरी तालुक्यातलं, सासर नगर शहरात. सासूबाईंना आम्ही सगळेच आई म्हणतो. वय ७८. त्यांनी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि रविवारी न चुकता संडे स्कूल घेतलं. आमच्या चर्चमधल्या निम्म्या लोकांची वचनं त्यांनी पाठ करून घेतली आहेत. सध्याचे पाळकसाहेबसुद्धा लहानपणी त्यांच्याच वर्गात होते. कडक बाई. पदर कधी ढळला नाही, कुणापुढे कधी हात पसरला नाही.

दोन वर्षांपूर्वी एका पहाटे त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं मात्र सगळं. 'हो' म्हणायचं असलं की पापण्या मिटतात, 'नाही'ला डाव्या हाताचं बोट हलवतात. त्यांची कॉट आम्ही हॉलमध्ये खिडकीशी लावली आहे. मी एका शाळेच्या ऑफिसात होते, ती नोकरी सोडली. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे रात्री अकरा, एक, तीन, पाच असा गजर असतो. पेज, मऊ भात, दुधात कुस्करलेली बिस्किटं, सगळं चमच्याने आणि बसवून, कारण पातळ पदार्थाचा ठसका लागतो. अंथरूण बदलणं, अंग पुसणं. हे सगळं मी मनापासून केलं आहे, ते खोटं म्हणणार नाही.

फेब्रुवारीत घरभक्तीला पाळकसाहेब आणि महिला मंडळाच्या दहा-बारा जणी आल्या. गाणं झालं, प्रार्थना झाली, चहा झाला. कुणीतरी विचारलं, "रात्रीचं कसं करता हो?" आणि मी सुरू झाले. रात्री किती वेळा कपडे भरतात ते सांगितलं. एकदा डायपर सैल झाला आणि त्यांचा हात त्यात गेला, मग मी पहाटे तीनला भिंत कशी धुतली, तेही सांगितलं. हे सगळं आईंच्या उशापाशी उभं राहून. एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "तू म्हणजे आमची रूथ आहेस गं." रूथ म्हणजे बायबलमधली, सासूची साथ न सोडणारी सून. ते ऐकून मला इतकं गोड वाटलं की मी आणखी एक प्रसंग सांगितला.

मग माझं आईंकडे लक्ष गेलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. त्यांना मान वळवायला किती त्रास होतो ते मला माहीत आहे, एरवी मीच वळवते. डोळ्यातलं पाणी कानापर्यंत ओघळलं होतं आणि ते पुसायला मोकळा असलेला हात त्यांनी चादरीखाली घेतला होता.

पाळकसाहेबांनी ते पाहिलं. लगेच उठून शेवटची प्रार्थना केली आणि सगळ्यांना घेऊन निघाले.

त्या रात्री मी माझी वही उघडली. उपवासकाळात रोज रात्री आत्मपरीक्षण लिहायचं अशी सवय मला आईंनीच लग्नानंतर लावली होती. पानं चाळली तर काय दिसलं? "आज चार वेळा उठले. धाकट्या जावेचा फोन नाही." "आज ह्यांनी साधं पाणी पाजलं नाही." "मी नसते तर ह्यांच्या आईचं काय झालं असतं." दोन वर्षांत मी स्वतःला एकदाही तपासलं नव्हतं. दुसऱ्यांच्या नावावर उधारी लिहीत बसले होते. येशूच्या दाखल्यातला, मंदिरात उभा राहून देवाला स्वतःचे उपास मोजून दाखवणारा तो परूशी आम्ही संडे स्कूलच्या नाटकात किती वेळा उभा केला आहे. आई मला नेहमी त्याच दाखल्यातल्या, मान खाली घालून दया मागणाऱ्या जकातदाराचं काम द्यायच्या.

आता सेवा करताना हात चालतात पण मन कुठल्या कुठे असतं. आईंचं तोंड पुसते तेव्हा त्या माझ्याकडे बघत नाहीत. जिला बोलता येत नाही तिची माफी मागायची कशी? तिने माफ केलं हे मला कळणार कसं? आणि हे आत्मपरीक्षण म्हणजे नक्की करायचं काय, की ज्याचा पुन्हा हिशेब होणार नाही? कुणी अशा वाटेने गेलं असेल तर सांगा. "देव सगळं जाणतो, काळजी करू नका," एवढंच कृपया लिहू नका. तो जाणतो, म्हणूनच तर झोप लागत नाही.

---

वाडीवाला, वसई

ताई, मी कॅथलिक, वसईचा. तुमच्या आमच्या उपासनेत फरक असेल, पण तुमचं लिहिलेलं वाचून मला माझेच पाय आठवले, म्हणून लिहितो.

आमच्याकडे पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सामध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, त्याची ती आठवण. पूर्वी फक्त पुरुषांना बसवत. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोमच्या बालसुधारगृहात जाऊन मुलामुलींचे पाय धुतले आणि पुढे २०१६ मध्ये नियमही बदलला, तेव्हापासून आमच्याकडे बायकाही बसतात. एका वर्षी त्या बारांमध्ये माझं नाव आलं.

माझं अख्खं आयुष्य केळीच्या वाडीत गेलं. पाय कसे असणार? टाचांना भेगा, भेगांत काळी माती, नखं वाकडी. दुपारपासून मी ते पाय घासत होतो. आधी साबण, मग वजरी, मग परत साबण. बायको म्हणाली, "फादर धुणार आहेत ना, मग तुम्ही कशाला धुताय?" मी तिच्यावर ओरडलो. चर्चमध्ये फादरांनी गुडघे टेकले, तांब्याने पाणी ओतलं आणि माझी टाच तळहातावर घेतली. इतक्या घासण्यानंतरही पांढऱ्या टॉवेलला माती लागली. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

त्या दिवसापासून मला येशूचा शिष्य पेत्र कळला. "माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस," असं तो का म्हणाला ते कळलं. पाय धुणाऱ्याला वाकावं लागतं हे सगळे सांगतात. पाय पुढे करणाऱ्याला काय करावं लागतं, त्यावर मी फारसं प्रवचन ऐकलेलं नाही. तुमच्या सासूबाई रात्रंदिवस पेत्राच्या जागी आहेत, आणि त्यांना 'नको' म्हणायचीही सोय नाही. कडक शिस्तीची बाई, सगळ्यांना शिकवलेली. तुमच्या दोघींमध्ये जास्त अवघड सेवा त्यांच्या वाट्याला आली आहे असं मला वाटतं. राग मानू नका.

आत्मपरीक्षणाचं विचारलंत. मला ते येशूसंघी (जेझुइट) फादरांनी शिबिरात शिकवलं. त्या संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला हा आधी शिपाईगडी. १५२१ साली स्पेनमधल्या पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला आणि तो कित्येक महिने अंथरुणाला खिळला. मन तपासायची त्याची रीत तिथून सुरू झाली, खाटेवर पडल्या पडल्या. लढाईच्या, मानमरातबाच्या विचारांत रमलं की त्या वेळी गोड वाटायचं पण नंतर मन कोरडं पडायचं. ख्रिस्ताच्या आणि संतांच्या विचारांत रमलं की नंतरही मन भरलेलं राहायचं. हा फरक त्याने पकडला. "तू रूथ आहेस" हे ऐकून तुम्हाला गोड वाटलं, ते किती वेळ टिकलं? तुम्हीच लिहिलं आहे.

त्याच्या रीतीत पहिली पायरी आभाराची आहे. पापाची आठवण नंतर येते. आधी आजच्या दिवसात काय मिळालं ते बघायचं, मग 'मला खरं दिसू दे' म्हणून प्रकाश मागायचा, मग दिवस सकाळपासून डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचा, जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्याचं एकच काहीतरी ठरवायचं. पंधरा मिनिटं पुरतात. मी वही ठेवत नाही. तुम्हीही काही दिवस बंद करा. लिहिलं की माणूस वाचणाऱ्याचा विचार करतो, वाचणारा आपण स्वतःच असलो तरी.

---

पुण्याची मनीषा

मला एकच विचारायचं आहे. अकरा, एक, तीन, पाच, हे चारही गजर एकट्या तुमच्याच फोनवर का? वहीत "ह्यांनी पाणी पाजलं नाही" लिहिलंत आणि मग त्याचंही पाप स्वतःच्याच माथी घेतलंत. आई त्यांच्या आहेत. आपल्या मंडळ्यांमध्ये नम्र सेवेवरचं प्रवचन सगळे ऐकतात आणि सेवा घरातल्या एकाच बाईच्या वाट्याला येते. माझ्या आईने माझ्या आजीचं सात वर्षं केलं आणि त्यात तिची पाठ कायमची गेली. तेव्हा आम्ही सगळे तिला पुण्यवान म्हणत होतो आणि कुणी रात्री उठत नव्हतो. त्यात मीही होते.

दोन वर्षं सलग न झोपलेल्या बाईच्या तोंडून चार बायकांपुढे काही निघून गेलं, तर त्याला थकवाही म्हणतात. माफी मागा, जरूर मागा. पण नवऱ्याशीही बोला, आणि तेही प्रभुभोजनाआधी.

---

निवृत्त सिस्टर

बाई, सलाम.

मी मिरजेला नर्सिंग शिकले आणि नंतर विदर्भात मिशनच्या एका कुष्ठरोग रुग्णालयात सव्वीस वर्षं काम केलं. वरच्या तिघांचं वाचलं. मनीषाताईंचं पटलं. थकलेल्या सिस्टरच्या हातून चुकीचं औषध जातं, तसा थकलेल्या माणसाच्या तोंडून चुकीचा शब्द जातो. दोन्हीची नोंद करायची असते आणि ड्यूटीही बदलायची असते.

तुम्ही विचारलंत, आत्मपरीक्षण म्हणजे नक्की करायचं काय. मला ते वॉर्डात दिसलं, तेच सांगते.

कुष्ठरोगात बोटं झडतात असं लोक समजतात. रोग बोटं खात नाही. डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज सर्जन १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि त्यांनी वर्षानुवर्षं रुग्णांचे हातपाय बघून हे दाखवून दिलं. रोगाने नस मरते आणि दुखणं बंद होतं. मग गरम तवा हाताला लागला तरी कळत नाही, चपलेतला खिळा दिवसभर टोचला तरी माणूस चालत राहतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि बोट जातं. गोळ्यांनी जंतू मरतो, आता तर सहा महिने किंवा वर्षाच्या औषधाने माणूस बरा होतो. पण मेलेली नस बहुतेक वेळा परत येत नाही. त्याला जन्मभर एक काम करावं लागतं. रोज पाय बघायचे.

आमच्याकडे संध्याकाळी सगळे ओट्यावर बसायचे. प्रत्येकापुढे घमेलं. वीस मिनिटं साध्या पाण्यात पाय भिजवायचे, मग कडक झालेली कातडी वजरीने घासायची, मग ओल्या पायालाच तेल लावायचं म्हणजे ओल आत राहते. मग बघायचं. कुठे लाल आहे का, कुठे गरम लागतंय का, फोड आहे का, नवी भेग आहे का. एमसीआरची (मऊ रबराच्या तळव्याची) चप्पल उलटी करून तिच्यातही हात फिरवायचा. दुखतंय का असं आम्ही कधी विचारत नव्हतो. दुखलं असतं तर तो तिथे बसलाच नसता.

आणि बघा, स्वतःचा तळपाय स्वतःला नीट दिसत नाही. शेजाऱ्यापुढे धरावा लागतो. "बघ रे, टाचेला काही आहे का?" बायका बायकांचे बघायच्या, पुरुष पुरुषांचे. त्यात लाज नव्हती, कारण सगळेच धरायचे.

तुमच्या वहीतही हेच झालं. जिथे दुखत होतं तेवढंच तुम्ही लिहिलंत. जावेचा फोन नाही, ते दुखलं. नवऱ्याने पाणी पाजलं नाही, ते दुखलं. आईंची अब्रू चारचौघींत गेली तेव्हा तुम्हाला दुखलं नाही, उलट गोड वाटलं. तिथे नस बधिर होती. रात्री तिथे बोट फिरवून बघायचं. आज मला कुठे गोड वाटलं, आणि त्याची किंमत कुणी दिली? मी तरी एवढाच प्रश्न ठेवते.

माझंही एक सांगते, म्हणजे मी उंचावर बसून बोलते असं होणार नाही. एकदा बाहेरून पाहुणे आले होते. माझ्या हातचा एक रुग्ण होता, त्याच्या तळपायाचा व्रण मी चार महिने ड्रेसिंग करून भरून आणला होता. त्याला न विचारता मी त्याचा पाय उचलला आणि पाहुण्यांना दाखवला. आधी केवढा होता, आता केवढा राहिला. पाहुण्यांनी फोटो काढले. ते गेल्यावर तो माणूस शांतपणे म्हणाला, "सिस्टर, पाय माझा आहे." वीस वर्षं झाली. तो आता नाही. मी त्याची माफी मागितली होती, पण ड्रेसिंग ट्रे हातात घेऊन, घाईत, दारात उभी राहून. ती तशी मागायला नको होती.

म्हणून सांगते. आईंकडे जाल तेव्हा घरात दुसरं कुणी नको. खाली बसा, तुमचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या खाली येतील असं. काय केलंत ते एका वाक्यात सांगा. "तुमच्या अंगाच्या गोष्टी मी लोकांत सांगितल्या, मला मान मिळावा म्हणून." थकले होते, तोंडातून गेलं, असली पुस्ती जोडू नका. आणि तिथे रडू नका. तुम्ही रडलात तर त्यांना तुमचं सांत्वन करावं लागेल, आणि त्यांचा एकच हात चालतो. त्या मान वळवतील किंवा वळवणार नाहीत. तो त्यांचा हक्क आहे, तो घाईने मागू नका. नंतर त्या बायकांनाही सांगा, पण प्रसंग पुन्हा न उगाळता.

आणि बाई, पाय भिजवा त्यांचे. पाणी कोमट ठेवा आणि आधी कोपर बुडवून बघा. उजव्या पायाला चटका कळणार नाही.

---

पाळकाची पत्नी

सिस्टरांनी इतकं लिहिल्यावर मी थोडक्यात लिहिते. प्रभुभोजनाबद्दल पौलाने करिंथकरांना लिहिलं आहे की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. 'आणि मग खावी' हे आपण विसरतो. तपासून ताट सरकवून द्या असं त्यात नाही. माझ्या नवऱ्याच्या मंडळीत दर महिन्याला कुणी ना कुणी असं मागे बसतं, आणि बहुधा तीच माणसं असतात ज्यांनी खरोखर स्वतःला तपासलेलं असतं.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये शारदासदन काढलं, विधवांसाठी दिवसरात्र राबल्या. आणि त्यांनीच पुढे लिहून ठेवलं की इतकी वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. शेकडो मुलींना आसरा देणारी बाई हे स्वतःबद्दल लिहिते. केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनला, मी दोनदा गेले, दोन्ही वेळा मला तिथे हीच गोष्ट आठवली. हे कळल्यावर रमाबाईंनी काम थांबवलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुलींना त्यांनी मध्य प्रांतातून आणलं ते त्यानंतरच. तुम्हीही थांबू नका, असं मला वाटतं.

---

नगरची सून

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे उपकार.

आधी ह्यांच्याशी बोलले. मनीषाताई, वाटलं होतं तसं सोपं गेलं नाही. "तू कधी सांगितलंस का?" असं म्हणाले आणि मला राग आला, कारण मी खरंच कधी सांगितलं नव्हतं. मला एकटीनेच करायचं होतं, म्हणजे एकटीनेच केलं असं म्हणता येतं. हे लिहायला मला आत्ताही जड जातंय. आता तीन आणि पाचचा गजर त्यांच्या फोनवर आहे. पहिल्या रात्री त्यांनी आईंना कुशीवर वळवताना ड्रॉशीट (अंगाखालची आडवी चादर) धरायच्या ऐवजी दंड ओढला, मी उठून धावले, आणि आईंनी डाव्या हाताचं बोट हलवून मला 'नाही' केलं. म्हणजे तू जा, त्याला करू दे. मी जाऊन झोपले.

माफी मागितली. सिस्टर, तुम्ही सांगितलं तसंच, दुपारी, घरात कुणी नसताना, खाली चटईवर बसून. वाक्य पाठ करून गेले होते तरी अर्ध्यात आवाज गेला. रडले नाही. आईंनी पापण्या मिटल्या नाहीत की बोटही हलवलं नाही. वर पंख्याकडे बघत राहिल्या. मी दहा मिनिटं बसले आणि मग पेज आणायला उठले.

दुसऱ्या दिवशी घमेलं घेऊन गेले. कोपर बुडवून पाणी बघितलं. उजवा पाय सोडला पाण्यात, डावा घ्यायला गेले तर त्यांनी तो मागे ओढला. जोर लावून ओढला. मी परत हात लावला नाही. उजवाच धुतला, पुसला, तेल लावलं. तिसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी मी उजवा पाय पुसत होते आणि डावा पाय कॉटच्या कडेवरून आपसूक खाली आला, घमेल्याच्या काठाला लागला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनाही ते नको असणार. पाय पाण्यात घेतला. त्याच्या अंगठ्याजवळ जुना चटका आहे, शाळेत असताना स्टोव्हवरचं पाणी सांडलं होतं तो. दोन वर्षं मी ते पाय फडक्याने पुसत होते आणि तो डाग मला माहीत नव्हता.

महिला मंडळात शुक्रवारी उभी राहिले. म्हणाले, मागे आमच्या घरी मी आईंबद्दल जे बोलले ते माझं सांगायचं नव्हतं, ते कुणी पुढे सांगू नका. एक बाई म्हणाल्या, "अगं त्यात काय एवढं, सगळ्यांच्याच घरी असतं." ज्या मला रूथ म्हणाल्या होत्या त्या गप्प होत्या. जाताना एवढंच विचारलं, "मी बुधवारी दुपारी येऊन त्यांना वचनं वाचून दाखवू का? मला त्यांनीच शिकवली आहेत." मी म्हटलं, आईंना विचारून सांगते. घरी येऊन विचारलं. पापण्या मिटल्या.

वही बंद आहे. रात्री वाडीवाल्या दादांनी सांगितलं तसं आभारापासून सुरू करते. सिस्टरांचा प्रश्न मात्र रोज विचारवत नाही, एक दिवसाआड विचारते. रविवारी ताट आलं तेव्हा घेतलं. त्या दिवशी पाळकसाहेब आईंसाठी घरी भाकर घेऊन आले, द्राक्षरसात भिजवून चमच्याने मीच भरवली. ठसका लागला नाही.

सिस्टर, एक विचारायचं आहे. आज तेल लावताना उजव्या टाचेला बाहेरच्या बाजूने रुपयाएवढा लाल डाग दिसला. कातडी फुटलेली नाही. बोटाने दाबलं तर पांढरा होत नाही, लालच राहतो. काल नव्हता, म्हणजे काल मी बघितला नव्हता. तेल जास्त चोळू का?

---

निवृत्त सिस्टर

चोळू नका, अजिबात नाही. दाबून पांढरा होत नाही म्हणजे पहिल्या पायरीचा बेडसोर सुरू झाला आहे. वेळेवर दिसला. पोटरीखाली लांबट उशी द्या, अशी की टाच अधांतरी राहील, गादीला टेकणार नाही. गुडघ्यामागे उशी नको, पोटरीखाली. पायाला घड्या पडलेली चादर लागू देऊ नका. तुमच्या नवऱ्यालाही दाखवून ठेवा, तीनच्या गजराला उशी सरकलेली असते. आईंना शुगर असेल तर उद्याच डॉक्टरांना दाखवा. फोड आला किंवा रंग काळसर वाटला तर थांबूच नका.

सकाळी उजेडात परत बघा आणि इथे लिहा. दुसरी टाचही बघा.